भांडण मुलांचे, निवाडा कुणाचा?

राजापेठेत शाळा सुटण्याच्या वेळी सायकलींच्या गर्दीत एखादी धक्काबुक्की होतेच. कारण बहुधा क्षुल्लक असते : बाकावरची जागा, चिडवण्याचे टोपणनाव, खेळातील एखादी धाव. परंतु सायंकाळपर्यंत ती वार्ता पालकांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते आणि दोन मुलांचे भांडण दोन घराण्यांचे होऊन बसते. मुले दुसऱ्या दिवशी एकत्र डबा खातात. वडील मंडळी मात्र पोलीस ठाण्याची भाषा बोलत असतात!

यात शाळेने करायचे काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला काढून टाकण्यासही कलम १६ ने बंदी घातली. छडी गेली, हे योग्यच झाले. पण तिची जागा कशाने घेतली? माफीपत्राने! कागदावर सही होते, मनातील अढी तशीच राहते.

यावर समवयस्कांची मध्यस्थी हा उपाय आहे. दोन प्रशिक्षित विद्यार्थी भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवतात, एकाचे बोलणे दुसऱ्याला पूर्ण ऐकायला लावतात आणि तोडगा त्यांच्याच तोंडून काढून घेतात. ते निकाल देत नाहीत, शिक्षाही करीत नाहीत. अमेरिकेतील शाळांत ही पद्धत १९८० च्या दशकात रुजू लागली.

‘हे परदेशी खूळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या राज्याकडे पाहावे. महाराष्ट्राने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. संसदेने २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीला स्वतंत्र स्थान दिले. गावचा तंटा गावातच मिटवावा, असे आपण प्रौढांना सांगतो. मग वर्गातील तंटा वर्गात मिटवण्याचा संस्कार मुलांवर का नको?

मात्र मध्यस्थ म्हणजे वर्गनायक नव्हे. शिक्षकांच्या लाडक्या, हुशार मुलांचीच निवड झाली, तर मागच्या बाकावरचा मुलगा त्यांच्यापुढे मन मोकळे करणार नाही. निवडीत सर्व थरांतील मुले-मुली हवीत, गोपनीयतेची शिस्त हवी आणि पाठीशी एक जाणता शिक्षक हवा. शिवाय मर्यादाही ठाम हवी. लैंगिक छळ, गंभीर मारहाण, जातीवरून केलेला अपमान किंवा टोळीने एकट्याला गाठणे, हे विषय मुलांवर सोपवणे म्हणजे जबाबदारी झटकणेच होय. लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शाळेचे नाव राखण्यासाठी मध्यस्थीचे पांघरूण घातले जाणार असेल, तर ती मध्यस्थी नसलेलीच बरी.

पालकांनो, पुढील पालकसभेत गुणांच्या टक्केवारीआधी हा विषय मांडा. आणि त्याहीआधी, मुलगा भांडण सांगत घरी आला की दूरध्वनी उचलण्यापूर्वी त्याला एकच विचारा, ‘त्याचे म्हणणे काय होते?’ समाजात एकोपा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी तो आठवीच्या वर्गात घडवायला काय हरकत आहे?