घरची सोय : खुंट्यांची फळी

मातीची भिंत चढत असतानाच तीत खुंट्या बसवून घेण्याची पूर्वी रीत होती. कोनाडेही तेव्हाच ठेवले जात. दावे, कासरा, कंदील, टोपली, घोंगडी, ज्याची त्याची जागा ठरलेली असे. आता विटा-सिमेंटची घरे झाली. भिंती गुळगुळीत नि रंगीत, पण त्यांना खुंटी नाही आणि कोनाडाही नाही. त्यामुळे खुरपी, विळे, दोर, चाळण्या, फवारणीचा पंप हे सारे एका कोपऱ्यात जमिनीवर येऊन पडले आहे. त्या ढिगातून खुरपे ओढताना विळ्याने बोट कापते. ढिगाखाली विंचू बसतो, उंदरामागून साप येतो. आणि रांगत्या मुलाचा हात सर्वांत आधी पोचतो तो याच कोपऱ्यात.

यावर उपाय साधा आहे. खुंटी पुन्हा भिंतीवर आणावी. मात्र एकेक खिळा न ठोकता एक मोठी फळी करून घ्यावी.

चार फूट लांब, नऊ इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा तीन फळ्या घ्याव्यात. सागवानच हवे असे नाही. जुन्या दाराच्या निघालेल्या फळ्या उत्तम, कारण त्या मुरलेल्या असतात. तिन्ही फळ्या एकीखाली एक ठेवून मागून तीन इंची दोन आडपट्ट्या उभ्या मारून जोडाव्यात. दोन्ही टोकांपासून पट्टीचा मध्य नऊ-नऊ इंचांवर येऊ द्यावा. या पट्ट्यांमुळे फळी भिंतीपासून सुटी राहते; वारा खेळतो आणि वाळवीची मातीची रेघ चढू लागलीच तर ती लगेच नजरेस पडते.

प्रत्येक फळीच्या मधोमध, टोकापासून सहा इंच सोडून, दर सहा इंचांवर एक इंची भोक पाडावे. एका ओळीत सात, म्हणजे एकूण एकवीस भोके होतात. गिरमिट सरळ न धरता किंचित खालच्या अंगाने धरावे, म्हणजे खुंटीचे तोंड वर राहते आणि अडकवलेली वस्तू घसरत नाही. गिरमिटाचे टोक पलीकडे दिसले की थांबून मागच्या बाजूने भोक पुरे करावे, नाहीतर लाकडाच्या ढलप्या निघतात.

खुंट्या बाभळीच्या कराव्यात, आठ इंच लांब. लाकूड करवतीने न कापता रेषेवर फोडून मग तासावे. रेषा तुटलेली खुंटी ओझ्याखाली मोडते. ओल्या लाकडाची खुंटी उन्हाळ्यात आकसून ढिली पडते, म्हणून लाकूड पुरते वाळलेले हवे. सुरुवातीला बारा खुंट्या पुरेत. भोके जास्त आणि खुंट्या कमी, यातच या फळीची खरी सोय आहे. आज दोर अडकवला, उद्या तीच खुंटी काढून दुसरीकडे लावली. एका ओळीतल्या तीन खुंट्यांवर सहा इंची पट्टी टाकली की डबे ठेवायला मांडणी तयार.

शेवटी बेलतेलाचा हात द्यावा. तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून वाळवावीत.

विटांच्या भिंतीत लाकडी गुटके ठोकून त्यांत लांब स्क्रूने फळी बसवावी. मातीच्या भिंतीचा भरवसा धरू नये. तेथे दोन खांबांना फळी जखडावी. उंची किती, हे सुताराला विचारू नका. रोज विळा-खुरपे घेणारी घरची बाई टाच न उचलता जेथे हात पोचवू शकते, तेथे वरची ओळ यावी. धारेच्या वस्तू याच ओळीत, पाते भिंतीकडे करून लावाव्यात. खालच्या ओळीत दोर, टोपल्या, पिशव्या. खताची पोती फळीखाली रचू नयेत. त्यांच्या ओलीने लोखंड गंजते.

कीटकनाशक मात्र या फळीवर अजिबात नको, आणि फवारणीचा पंपही नको. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. मुलालाही औषध म्हणजे पिण्याची वस्तू एवढेच ठाऊक असते! डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. ते मूळ डब्यातच, घराबाहेर कुलपाच्या पेटीत ठेवावे. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतू नये. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणेही त्याच पेटीत जावे. ते धान्याच्या कणगीजवळ राहिले तर घाईत दळणात जाऊ शकते.

पहिल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून भोकात घट्ट बसतील. तेव्हा त्या हातोडीने काढायला जाऊ नका, भोकाचा काठ फुटतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या हाताने निघतील. मग हव्या तिथे हलवाव्यात.