दाराला कडी, खिडकी उघडी

३० ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय महासंघाने चिनी बनावटीच्या विद्युत मोटारींवर जादा आयातशुल्क लागू केले. मुळात १० टक्के शुल्क होतेच. त्यावर बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८ टक्के आणि सैक या सरकारी कंपनीला ३५.३ टक्के असा वाढीव भार पडला. वर्षभराच्या चौकशीनंतर, चिनी सरकारच्या अनुदानावर पोसलेला माल युरोपीय कारखानदारांच्या मुळावर येत आहे, असा निष्कर्ष ब्रुसेल्सने काढला होता. निर्णय मोठा होता, गाजावाजाही मोठा झाला. मात्र ज्यांनी आदेशाचा मजकूर बारकाईने वाचला, त्यांच्या लक्षात एक गोष्ट लगेच आली. हे शुल्क केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींसाठी होते. बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही बाळगणाऱ्या ‘प्लग-इन हायब्रिड’ मोटारी त्यातून वगळल्या गेल्या होत्या. दाराला भक्कम कडी घातली, पण शेजारची खिडकी सताड उघडीच राहिली.

ही प्लग-इन हायब्रिड मोटार म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. साध्या हायब्रिड मोटारीची छोटी बॅटरी धावता धावता इंजिनावर आणि ब्रेकच्या ऊर्जेवर भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी असते; ती घरच्या विजेवर भरता येते. रोजचे कामावर जाणे-येणे विजेवर भागते आणि लांबच्या प्रवासात बॅटरी संपली की इंजिन हाताशी असते. चार्जिंगची सोय रस्त्यात मिळेल की नाही, ही धास्ती ज्याच्या मनातून जात नाही, अशा मध्यमवर्गीय ग्राहकाला हा मधला मार्ग पटतो. चिनी कंपन्यांनी नेमके हेच हेरले.

पुढे काय घडले? बीवायडीची ‘सील यू’ ही मोटार २०२४ मध्ये प्लग-इन रूपात युरोपात उतरली आणि २०२५ मध्ये त्या वर्गातील सर्वाधिक खपाच्या मोटारींच्या पंक्तीत जाऊन बसली. जादा शुल्काच्या वाटेलाच न गेलेल्या ब्रिटनमध्ये चेरी कंपनीची ‘जेकू’ रस्त्यारस्त्यांवर दिसू लागली. एके काळी इंग्रजांचा अभिमान असलेले ‘एमजी’ हे नावही आज चिनी सैक कंपनीच्या मालकीचे आहे, आणि त्याच नावाने प्लग-इन हायब्रिड मोटारी विकल्या जात आहेत. नाव साहेबाचे आणि नफा शांघायचा, असा हा प्रकार!

याला केवळ चिनी लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते आत्मवंचनेचे ठरेल. खिडकी उघडी असली तरी तिच्यातून आत शिरायला तयार माल लागतो. तो माल एका रात्रीत तयार झालेला नाही. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेन येथे बीवायडी स्थापन केली, ती बॅटऱ्या बनवण्यासाठी. २००३ मध्ये तिने एक छोटी मोटार कंपनी विकत घेतली आणि डिसेंबर २००८ मध्ये ‘एफ३डीएम’ ही प्लग-इन हायब्रिड मोटार चीनच्या बाजारात आणली. तिला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. तरीही काम थांबले नाही. २०२४ मध्ये याच कंपनीने सुमारे ४२ लाख मोटारी विकल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्लग-इन हायब्रिड होत्या. सोळा वर्षांची चिकाटी हे या यशाचे एक कारण आहे, हे विरोधकानेही मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण राज्यसत्तेचे आहे. वान गांग हे जर्मनीत शिकलेले आणि तेथील ऑडी कंपनीत काम केलेले अभियंता. ते मायदेशी परतले आणि २००७ मध्ये चीनचे विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री झाले. पेट्रोल इंजिनात पाश्चात्त्यांना गाठणे कठीण, म्हणून विद्युत वाहनांच्या नव्या शर्यतीत आधीपासून उतरावे, हा विचार त्यांनी नेटाने पुढे रेटला. त्यानंतर अनुदानांचा वर्षाव झाला. बॅटरी उत्पादकांची मान्यताप्राप्त यादी करून कोरियन कंपन्यांना काही वर्षे व्यवहारतः बाहेर ठेवण्यात आले. परदेशी मोटार कंपन्यांना चिनी भागीदाराशिवाय कारखाना काढता येत नव्हता. प्रवासी मोटारींसाठी ही अट २०२२ मध्ये उठली, तीही स्वतःचे पाय घट्ट रोवल्यावर! आपले दार बंद ठेवून दुसऱ्याच्या दारी मुक्त व्यापाराची आरती म्हणायची, ही चीनची रीत युरोपला ठाऊक नव्हती काय?

ठाऊक होती, पण लोभ अनावर होता. फोक्सवॅगनने १९८४ मध्येच शांघायमध्ये भागीदारी केली. पुढे चिनी बाजारातील नफ्याची अशी सवय जडली, की भागीदार शिकतो आहे हे दिसत असूनही कुणी बोलेना. घरी मात्र डिझेलचा मोह सुटला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल धुराच्या चाचणीतील घोटाळा उघड झाला. जगभरातील १ कोटी १० लाख मोटारींत फसवे सॉफ्टवेअर बसवले गेले होते. ज्या वर्षांत चीन बॅटरीवर पैसा आणि बुद्धी खर्च करत होता, त्या वर्षांत युरोपातील थोर कंपनीची बुद्धी चाचणी चुकवण्यात खर्ची पडत होती. मग शुल्काची भिंत उभी राहिली. बैल गेला नि झोपा केला, ही आपली म्हण ब्रुसेल्सला तंतोतंत लागू पडते.

याची किंमत मोजतो आहे तो तिथला कामगार. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनने जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला. फेब्रुवारी २०२५ अखेर ब्रुसेल्समधील ऑडीचा कारखाना बंद पडला. सुमारे तीन हजार कुटुंबांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या. याचे सगळे खापर चीनवर फोडता येणार नाही. पण धोरणातील आळसाची शिक्षा धोरणकर्त्यांना होत नाही, ती पाळीवर जाणाऱ्या माणसाला होते, हे सत्य देशोदेशी सारखेच आहे.

आणखी एक विसंगती आहे. प्लग-इन हायब्रिड पर्यावरणस्नेही मानली जाते. परंतु युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली, तेव्हा या मोटारींचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. कारण साधे आहे. मालक बॅटरी भरण्याचा कंटाळा करतो आणि पेट्रोलवरच गाडी हाकतो. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने २०३५ च्या उत्सर्जन कपातीचे लक्ष्य १०० वरून ९० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, ज्यामुळे प्लग-इनचे आयुष्य वाढेल. सवलत स्वदेशी उद्योगासाठी मागितली गेली. तिचा लाभ चिनी कंपन्याही घेतील, हे उघड आहे.

अमेरिकेने मार्ग वेगळा धरला. चिनी विद्युत मोटारींवर २०२४ मध्ये १०० टक्के शुल्क बसवले आणि जानेवारी २०२५ मध्ये जाळ्याशी जोडलेल्या मोटारींतील चिनी सॉफ्टवेअरवर सुरक्षेच्या कारणास्तव बंदीचे नियम केले. तेथे खिडकीही बंद आहे. पण बंद घरात आपोआप कर्तृत्व उपजत नाही. भिंत वेळ मिळवून देते. त्या वेळात काय केले, हाच खरा प्रश्न असतो.

आणि हा प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीकडे जाणार होता. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी आवश्यक केली, जूनमध्ये गलवान घडले आणि २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. देशहिताच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण तो कारखाना पुढे घेतला तो कोरियाच्या ह्युंदाईने. चिनी गेला, तरी जागा भारतीयाने भरली नाही, याची बोच मनात राहायला हवी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा युरोपाबरोबर आपल्या वाहन उद्योगाच्याही तोंडचे पाणी पळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशी चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाऊल स्वागतार्ह आहे. ते कारखान्यापर्यंत पोचले पाहिजे.

स्वदेशी म्हणजे केवळ परक्या मालाला नकार नव्हे. तो नकार टिकवण्यासाठी लागणारे ज्ञान, यंत्र आणि कारागीर घरात असणे, ही स्वदेशीची पुढची आणि अवघड पायरी आहे. युरोपाने ती चढण्याचा आळस केला आणि शुल्काच्या कागदावर विसंबून राहिला. पुढच्यास ठेच लागली आहे. मागचा शहाणा होणार की नाही, हे आपल्या हाती आहे.