अंगठी शोधणं हीसुद्धा सेवाच

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला बस्तरमधले सुरुंग आठवतात. पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांचा डिटेक्टर १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत सुरुंग शोधायलाच वापरला गेला. पण हेच यंत्र वाळूत पडलेली अंगठीही शोधतं. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, तरी डिटेक्टरच्या कॉइलजवळ त्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र वाजतं.

रायपूरजवळच्या राजिमला माघ पौर्णिमेच्या मेळ्यात महानदीत स्नान करताना एखाद्या आजीची अंगठी वाळूत गेली, तर ती कुणाला सांगणार? माझ्या मते आपण कॅडेट्सनी प्रशिक्षकांसोबत तिथं एक दिवस डिटेक्टर घेऊन उभं राहावं. खूण पटली की वस्तू मालकाला द्यावी, नाहीतर पोलिसांकडे जमा करावी. बक्षीस मात्र घेऊ नये.