परतीचे डिझेल

जून लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात. पावसाळ्यातली मासेमारी बंदी असते. या दिवसांत मिरजोळ्याला आपाच्या घरी गेलो की तिच्या सासऱ्यांच्या गप्पा ऐकायला मिळतात. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात. जन्म राजिवड्याचा, उमर बोटीवर गेलेली, शेवटची कैक वर्षे तांडेल म्हणून. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मिरजोळ्यात मुलाकडे असतात.

यंदा मात्र दारातच आपाने तक्रार पुढे केली. "तू दर महिन्याला मासिकात लोकांच्या मुलांना शहाणपण सांगतोस. आता स्वतःच्या भाच्याला सांग. फजरला उठवायला गेले, तर हा अजून झोपलेलाच नव्हता!"

भाचा अकरावीला आहे, सायन्सला. रात्रभर कॉम्प्युटरवर अवकाशयानाचा खेळ खेळतो. आपाचे म्हणणे, कॉम्प्युटर विकून टाकू. आम्ही म्हटले, आधी बघू तरी तो काय खेळतो.

खेळाचे नाव 'एलिट डेंजरस'. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या फ्रंटियर या कंपनीने तो २०१४ साली आणला. त्याचा मूळ खेळ 'एलिट' १९८४ चा, डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन तरुणांनी तयार केलेला. त्या जुन्या खेळातही एक अट होती: टाकी पूर्ण भरली तरी यान सात प्रकाशवर्षांपलीकडे जात नसे. नव्या खेळात आपल्या आकाशगंगेएवढी आकाशगंगा उभी केली आहे, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची. पण इंधनाची अट कायम आहे.

भाच्याने नकाशा उघडला. दादाही काठी टेकत येऊन बसले. नकाशावर व्हेगा, अल्टेअर अशी नावे होती. आम्ही सांगितले की ही नावे अरबीतून आली आहेत. व्हेगा म्हणजे अल-वाकि, झेपावत खाली येणारा. अल्टेअर म्हणजे अत-ताइर, उडणारा. मुसलमान ज्योतिर्विदांनी वापरलेली नावे युरोपने उचलली आणि ती आज या खेळापर्यंत आली. दादांना हे आवडले, पण त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता.

"डिझेल किती धरतं तुझं जहाज?"

भाच्याचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याला घरात आजवर कोणी विचारला नव्हता. तो सांगू लागला. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की टाकीतले हायड्रोजन खर्च होते. उडी जितकी लांब, तितका खर्च अंतराच्या मानाने जास्तच वाढतो. म्हणून एका लांब उडीपेक्षा दोन छोट्या उड्या स्वस्त पडतात, मात्र वेळ जास्त लागतो. जहाजात माल भरला, तर उडी आखूड होते. गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरली, तरीही उडी थोडी आखूड होते, कारण इंधनालाही वजन असते.

"आणि उभं ठेवलं तर?" दादांनी विचारले.

"उभं असलं तरी जळतं, दादा. दिवे, हवा, यंत्रं चालू असतात ना."

"बोटीचंही तसंच. काही केलं नाही तरी खर्च चालूच."

ही इंधनाची अट खेळ अवघड करण्यासाठी उगाच घातलेली नाही. खऱ्या अवकाशात ती याहून कडक आहे. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले, तेव्हा त्याचे वजन १३३७ किलो होते. त्यातले ८५२ किलो नुसते इंधन, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. एवढे असूनही उधळायला काही नव्हते. इस्रोने यानाला पृथ्वीभोवतीच फिरवत, टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवत नेली आणि मग डिसेंबरच्या पहिल्या तारखेला मंगळाच्या वाटेला लावले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचले. सहा महिन्यांच्या कामासाठी पाठवलेले हे यान जपून वापरल्यामुळे कितीतरी वर्षे चालले. २०१७ साली लांबलचक ग्रहणाची सावली चुकवण्यासाठी त्याची कक्षा बदलावी लागली. त्यात सुमारे २० किलो इंधन गेले आणि १३ किलोच्या आसपास उरले. पुढे पुन्हा अशा सावल्या आल्या, तेव्हा टाकीत बळ राहिले नव्हते. २०२२ साली इस्रोने त्याला निरोप दिला.

चंद्रयान-३ ची गोष्ट उलट आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्रावर उतरला. त्याला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागाचे काम संपले, तरी त्यात १०० किलोहून अधिक इंधन शिल्लक होते, कारण सगळा प्रवास काटेकोर झाला होता. त्या उरलेल्या इंधनावर इस्रोने तो भाग चंद्राकडून परत पृथ्वीच्या कक्षेत आणला. मूळ बेतात ही परतीची फेरी नव्हती. काटकसरीने ती मिळवून दिली.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भरपूर असतानाही जपून वापरणे हीच खरी काटकसर. नसताना तर कोणीही जपतो.

भाचा मग जरा ओशाळून म्हणाला, "मामू, मी एकदा अडकलो होतो."

या खेळात ताऱ्याच्या जवळून जाताना त्याचाच वायू गोळा करून टाकी भरता येते. पण सगळेच तारे इंधन देत नाहीत. शास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे वर्ग केले आहेत. आपला सूर्य जी वर्गातला. या सात वर्गांतल्या ताऱ्यांवर टाकी भरते. विझत आलेल्या श्वेतबटू ताऱ्यांवर किंवा धड न पेटलेल्या तपकिरी बटूंवर भरत नाही. भाचा न बघता उड्या मारत गेला आणि अशाच इंधन नसलेल्या ताऱ्यांच्या मुलुखात पोहोचला. पुढे जायला इंधन नाही, मागे यायलाही नाही.

"मग?"

"मग फ्युएल रॅट्सना बोलावलं."

हे ऐकून आम्हीही थक्क झालो. या खेळात जगभरच्या खेळाडूंचा एक गट आहे. त्यांनी स्वतःला 'इंधनवाले उंदीर' असे नाव घेतले आहे. कोणाची टाकी संपली आणि त्याने हाक मारली, की यांच्यातले कोणी तरी आपले जहाज घेऊन निघते, कितीही लांब असले तरी, आणि छोट्या यंत्रांकरवी त्याच्या टाकीत इंधन सोडते. मोबदला घेत नाहीत. आजवर त्यांनी हजारो अनोळखी लोकांना असे सोडवले आहे.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुझ्या जहाजातली हवा संपायला लागली आहे का? इंधन पूर्ण संपले की श्वासाची हवा बंद होते आणि शेवटची काही मिनिटे मोजली जाऊ लागतात. तसे असेल तर ते सांगतात, आधी खेळातून बाहेर पड, म्हणजे घड्याळ थांबेल. टाकीत थोडे तरी उरले असेल, तर ते न लागणारी यंत्रे बंद करायला सांगतात, आणि मग काम सोपे होते. लोक बहुतेक वेळा उशिरा हाक मारतात, असे भाचा म्हणाला. "वाटतं, आपलं आपण निभावू. लाजही वाटते."

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझंही झालंय तसं. माशाच्या मागे लांब गेलो. माझा हिशेब ठरलेला असायचा. एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक वाऱ्याचा. त्या दिवशी वाऱ्याचा हिस्सा खर्चून बसलो. उलटा वारा सुटला. जवळपास दुसऱ्या बोटी होत्या, वायरलेस होता. पण तांडेल असून डिझेल संपवलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रात्रभर बोट वाहू दिली. सोबत सहा खलाशी, त्यांची घरं होती. पहाटे हाक मारली. ज्यानं ओढून आणलं, तो एवढंच म्हणाला, तांडेल, रात्रीच बोलला असतात तर इतकं लांब यावं लागलं नसतं."

खोलीत कोणी बोलेना. बाहेर पाऊस चालू होता. आम्ही भाच्याला हळूच विचारले, "तुझी टाकी कुठवर आलीय?"

त्याला कळले की आम्ही खेळातल्या टाकीबद्दल विचारत नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, फिजिक्सच्या युनिट टेस्टमध्ये नापास झालो. घरी दाखवले नाही. मागचे दोन धडे समजले नाहीत, म्हणून पुढचेही समजत नाहीत. वर्गात विचारायची लाज वाटते. रात्री पुस्तक उघडले की छाती भरून येते, मग खेळ उघडतो.

आपा दारात उभी होती. ओरडेल असे वाटले, पण ओरडली नाही. आत गेली आणि चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका इंजिनिअर मुलाशी बोलणे झाले. तो आठवड्यातून तीनदा मगरिबनंतर शिकवायला तयार झाला. कॉम्प्युटर विकलेला नाही. ईशानंतर एक तास खेळ, मग बंद, हे भाच्याने स्वतःच ठरवले. ते सगळे दिवस पाळले जाते असे आपा म्हणत नाही. पण फजरला आता तो हाकेला उठतो.

हे केवळ मुलांचे दुखणे नाही. आपल्या कोकणातल्या किती घरांचा संसार आखातातल्या पगारावर उभा आहे! आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची तिथली नोकरी गेली. घरी कळू नये म्हणून चार महिने ते उसने घेऊन, पुढे व्याजाने काढून पैसे पाठवत राहिले. इकडे घरच्यांनी मुलीच्या शादीचा हॉल ठरवला, दागिने घडवले. टाकीचा काटा फक्त त्यांनाच दिसत होता. पहिल्याच महिन्यात सांगितले असते, तर निकाह साधेपणाने झाला असता आणि भावांनी कर्ज-ए-हसना दिले असते. शेवटी भावांनीच मदत केली, पण तोवर व्याज मुद्दलाच्या जवळ आले होते.

हाक मारणाऱ्याची लाज कमी करणे मात्र ऐकणाऱ्यांच्या हातात असते. फ्युएल रॅट्स अडकलेल्याला आधी, तू असे का केलेस, असे विचारत नाहीत. ते हवा किती उरली ते विचारतात. मार्क कमी आल्याचे सांगणारे मूल, पगार थांबल्याचे सांगणारा मुलगा, घरखर्च भागत नाही असे सांगणारी सून, यांच्याशी आपले पहिले वाक्य काय असते? ते वाक्य टोमण्याचे असेल, तर पुढच्या वेळी ती हाक पहाटेपर्यंत येणार नाही.

या महिन्यात एक दिवस जेवणानंतर घरातल्यांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपली टाकी कुठवर आली आहे ते सांगावे, एवढीच विनंती. सुरुवात मोठ्यांनी करावी. दादांनी आपली रात्र आधी सांगितली, म्हणून भाचा बोलला.