तलाक एका दिवसात होत नाही

दारव्हा : सोयाबीन घरात आलं, कापसाचे पहिले पैसे हातात पडले की आपल्या भागात निकाहांचे दिवस सुरू होतात. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, पुसद, कारंजा या गावांमध्ये मुली दिल्या जातात, सुना आणल्या जातात. आणि याच गावांमधून वर्ष-दोन वर्षांत दुसरी बातमीही येते : अमक्याची मुलगी माहेरी येऊन बसली आहे. मग चौकात, ओट्यावर चर्चा रंगते. कोणी म्हणतं मोबाईलने घर मोडलं, कोणी सासूला दोष देतं, कोणी म्हणतं आजकालच्या मुलींना सहनच होत नाही.

गेली काही वर्षे देशात मुस्लिम विवाहाबद्दल जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक सगळी 'तलाक' या एका शब्दाभोवती झाली. टीव्हीवर तेच, संसदेत तेच, आपल्या जलशांमध्येही तेच. पण घर त्या एका शब्दाने मोडत नाही. ते महिनोन् महिने मोडत असतं आणि आपण सगळे ते बघत असतो. ज्या काळात घर वाचवता येतं, किंवा वाचत नसेल तर इज्जतीने वेगळं करता येतं, नेमक्या त्याच काळात आपल्या मोहल्ल्यात कोणीच बसत नाही. खरी अडचण इथे आहे.

तलाकपेक्षा मोठा आकडा

२०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंद झालेले स्त्री-पुरुष सुमारे १३ लाख ६० हजार होते. हा आकडा सर्व धर्मांचा आहे. पण घटस्फोट न घेता जोडीदारापासून वेगळे राहणारे लोक याच्या जवळपास तिप्पट होते. म्हणजे कागदावर तुटलेल्या लग्नांपेक्षा लटकलेली लग्नं कितीतरी जास्त.

आपल्या समाजात अशा बाईची हालत काय असते, हे सांगायची गरज नाही. नवरा नांदवत नाही, खर्च देत नाही आणि सोडतही नाही. दुसरा निकाह ती करू शकत नाही. भावजयीच्या घरात तिला एक कोपरा मिळतो आणि मुलांच्या फीसाठी भावापुढे हात पसरावा लागतो. कुरआनमध्ये सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत नेमकी हीच ताकीद आहे : एका बायकोकडे पूर्ण झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. ही आयत एकापेक्षा जास्त बायका असणाऱ्यांच्या संदर्भात आहे, पण बाईला अधांतरी ठेवणं चूक आहे हा तिचा अर्थ प्रत्येक घराला लागू पडतो.

भांडणाचं मूळ कुठे असतं?

पहिलं मूळ रिश्त्यातच असतं. मुलगा 'पुण्याला कंपनीत आहे' असं सांगितलं जातं. निकाहनंतर कळतं की काम कंत्राटी होतं आणि ते सुटून सहा महिने झाले. मुलीकडूनही शिक्षण, वय, आजारपण लपवलं जातं. दोन्हीकडची मंडळी म्हणतात, 'एकदा निकाह होऊ द्या, मग सगळं जमतं.' जमत नाही. पहिल्याच महिन्यात कळलेलं खोटं पुढच्या प्रत्येक भांडणात वर येतं.

दुसरं मूळ पैसा. आपल्याकडे कोणी गॅरेजवर आहे, कोणी ट्रकवर, कोणी फळाच्या गाडीवर, कोणी सेंट्रिंग आणि वेल्डिंगच्या कामावर. ज्यांचं वावर आहे त्यांचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही पाऊस नीट पडला तर. अशा कमाईवर लग्नात मात्र मोठा मंडप, दोन-तीन पदार्थांचं जेवण, फर्निचर आणि गाडी. मुलीचा बाप कर्जात जातो आणि मुलाकडचेही वलीम्यासाठी उधार घेतात. संसाराची सुरुवात हप्त्यांनी होते. जहेज मागणं शरीयतमध्ये बसत नाही आणि १९६१ पासून हुंडाबंदी कायद्याने गुन्हाही आहे. तरी 'आम्ही काही मागितलं नाही, तुम्ही खुशीने द्या' म्हणून ते घेतलं जातं. आणि महर? जो नवऱ्याने बायकोला द्यायचा, तो कित्येक वेळा नाममात्र ठरतो आणि उधारही राहतो. जे द्यायला नको ते रोख आणि जे द्यायलाच हवं ते उधार, असा उलटा हिशोब आपण करून ठेवला आहे.

तिसरं मूळ दोन घरांची ओढाताण. दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, नणंद आणि नवं जोडपं. नवरा-बायकोला दहा मिनिटं बोलायला जागा नाही. इकडे सासू मुलाला रोज सुनेचं गाऱ्हाणं सांगते, तिकडे मुलीची आई फोनवर रोज विचारते, 'आज काय झालं?' सकाळची किरकोळ बोलाचाली संध्याकाळपर्यंत दोन खानदानांची लढाई होते. मोबाईल यात निमित्त आहे. नवऱ्याचा संशय किंवा बायकोचा एकटेपणा मोबाईल येण्याच्या आधीही होताच.

चौथं मूळ वय आणि तयारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं होतं. हाही आकडा सर्व समाजांचा आहे. पण सतराव्या वर्षी घर सांभाळायला गेलेली मुलगी आणि बाविसाव्या वर्षी बेकार असलेला नवरा, ही जोडी आपल्या ओळखीची आहे. दुसऱ्या टोकाला शिकलेली मुलगी आणि शाळा सोडलेला मुलगा. ती नोकरी करू म्हणते, घर नाही म्हणतं.

पाचवं मूळ दारू, सट्टा आणि मारहाण. हे इतर चारांपासून वेगळं ठेवायला हवं. स्वभाव जुळत नसतील तर समजुतीने वाट निघू शकते. मार खाणाऱ्या बाईला 'सब्र कर' म्हणणं ही समजूत नव्हे, तिला मारणाऱ्याच्या हवाली करणं आहे.

बैठक होते, पण कधी?

आपल्याकडे बैठका होत नाहीत असं नाही. पण ती होते तेव्हा मुलगी आठ-दहा महिने माहेरी बसून झालेली असते. दोन्हीकडचे पंधरा-वीस पुरुष जमतात. जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे ती आतल्या खोलीत असते, किंवा तिथेही नसते. बोलणं कशावर होतं? कपाट कोण परत नेणार, दागिने कोणाकडे आहेत, रक्कम किती. म्हणजे बैठक घर जोडायला भरतच नाही, सामानाच्या वाटणीसाठी भरते.

आता सूरह निसाची ३५ वी आयत बघा. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती वाटली तर एक हकम, म्हणजे लवाद, त्याच्या घरातून आणि एक हकम तिच्या घरातून नेमा, असा तिथे आदेश आहे. दोघांची नियत सुधारण्याची असेल तर अल्लाह त्यांच्यात मेळ घडवेल, असं पुढे म्हटलं आहे. यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. हकम नेमायचे ते फूट पडण्याची भीती वाटते तेव्हा, फूट पडून गेल्यावर नव्हे. आणि दोन्ही बाजूंचे हकम बरोबरीचे आहेत. वीस जणांची गर्दी आणि मुलाकडच्या मोठ्या माणसाचा शेवटचा शब्द, ही पद्धत या आयतीत कुठेच नाही.

हीच गोष्ट आपल्या राज्याच्या न्यायालयानेही सांगितली, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने 'दगडू पठाण विरुद्ध रहिमबी' या प्रकरणात निकाल दिला. मुद्दा असा होता : पोटगीचा अर्ज आला की नवरा उत्तरात लिहून देतो, 'मी हिला आधीच तलाक दिला आहे.' एवढं लिहिलं की तलाक झाला का? न्यायालयाने सांगितलं, नाही. तलाकला कारण होतं, त्याआधी दोन्ही बाजूंच्या लवादांकडून समेटाचा प्रयत्न झाला होता आणि तलाक रीतीप्रमाणे दिला होता, हे नवऱ्याने पुराव्याने सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'शमीम आरा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा घेतली. म्हणजे एकाच वेळच्या तीन तलाकवर बंदी येण्याच्या पंधरा वर्षे आधीच आपल्या महाराष्ट्रात कायदा विचारत होता : समेटाची बैठक केली होती का?

२०१७ नंतर काय बदललं, काय नाही

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातले तीन तलाक रद्द ठरवले. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र तलाक-ए-अहसन, म्हणजे एकदाच तलाक म्हणून इद्दतभर थांबणं आणि त्या काळात परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणं, या कायद्याच्या कक्षेत येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हे स्पष्ट केलं आहे.

तीन तलाक गेला हे बाईच्या बाजूने चांगलं झालं. पण एक पळवाट राहिली. काही न बोलता बायकोला माहेरी सोडून द्यायचं, फोन ब्लॉक करायचा आणि निवांत राहायचं. तलाक म्हटला तर गुन्हा, पण नुसतं टाकून दिलं तर तुरुंग नाही. अशा पुरुषाला मोहल्ल्यात कोणी जाब विचारत नाही. ईदला सगळे गळाभेट घेतात आणि त्याच्यासाठी पुन्हा रिश्ताही बघितला जातो.

बाईने काय माहीत ठेवावं?

तलाक ही फक्त पुरुषाच्या हातातली गोष्ट आहे, हा समज चुकीचा आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नीचा प्रसंग हदीसमध्ये आहे. नवऱ्याच्या दीन आणि अखलाकबद्दल तक्रार नसतानाही तिला त्यांच्यासोबत राहायचं नव्हतं. महरमध्ये मिळालेली बाग तिने परत केली आणि तिला वेगळं होता आलं. हाच खुला. दोघांच्या संमतीने वेगळं होणं म्हणजे मुबारात. नवरा ऐकतच नसेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवरा ४ वर्षे बेपत्ता असेल, २ वर्षे खर्च देत नसेल, ३ वर्षे विनाकारण वैवाहिक कर्तव्य पाळत नसेल किंवा क्रूरपणे वागत असेल, तर त्या कायद्याने बाई न्यायालयातून निकाह तोडून घेऊ शकते.

खर्चासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. ते जुन्या १२५ च्या जागी आलं. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही जुन्या १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा सांगितलं. १९८६ च्या कायद्याचा हक्क त्याशिवाय आहेच. २००१ च्या दानियल लतीफी निकालानुसार नवऱ्याने इद्दतीच्या काळातच तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची असते. मारहाण असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा तिला संरक्षण आणि राहत्या घराचा हक्क देतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसायची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

आपल्या गावात काय करता येईल?

यासाठी मोठी संस्था किंवा इमारत लागत नाही. काही साध्या गोष्टी ठरवल्या तरी फरक पडेल.

रिश्ता ठरवताना मुलाचं काम, कमाई, कर्ज आणि आजार यांची खात्री करावी, आणि मुलीकडच्यांनीही काही लपवू नये. निकाहनाम्यात महर स्पष्ट लिहावा आणि शक्यतो तिथेच द्यावा. शिक्षण किंवा नोकरी चालू ठेवण्याची अट असेल तर तीही लिहावी.

निकाहच्या वेळीच दोन्ही घरांनी एकेका हकमचं नाव ठरवून ठेवावं. तो माणूस समजूतदार, तोंड बंद ठेवणारा आणि आपल्या माणसाला चूक म्हणू शकणारा असावा. मुलीकडची हकम एखादी शिकलेली, वडीलधारी बाई का असू नये, याचाही विचार आपल्या उलमांनी करावा.

मुलगी भांडून माहेरी आली की महिन्याच्या आत बैठक व्हावी. हकमने तिचं म्हणणं तिच्याच तोंडून, वेगळं ऐकावं. काय ठरलं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मारहाण किंवा जीवाला धोका असेल तर आधी तिची सुरक्षितता आणि दवाखाना, मग कायदा, आणि तिची इच्छा असेल तरच समेट.

जमत नसेल तर तेही वेळेत मान्य करावं. महर आणि सामान परत, मुलांचा खर्च लेखी आणि इद्दत रीतीने. कुरआनने दोनच वाटा सांगितल्या आहेत : भलेपणाने नांदवा किंवा भलेपणाने निरोप द्या. लटकत ठेवण्याची तिसरी वाट आपणच काढली आहे.

सोयाबीन निघेल, पुन्हा मंडप उभे राहतील. जेवणाच्या यादीवर आपण आठ दिवस घालवतो. त्यातली एक संध्याकाळ दोन हकम ठरवण्यासाठी दिली, तर पुढे कोणाच्या तरी लेकीचं उभं आयुष्य अधांतरी राहण्यापासून वाचेल, इन्शाअल्लाह.