गाण्यांचे फिरते संग्रहालय

आमच्या आपट्याच्या स्टेशनावर अधूनमधून कोणी अनोळखी तरुण मंडळी उतरतात. त्यांस गावात कोणाकडे जावयाचे नसते, देवदर्शनाची घाई नसते, पाताळगंगेच्या काठी बसण्याचीही इच्छा नसते. ती फलाटावरच घुटमळतात. त्यांतील एकजण उभ्या गाडीच्या दारात चढून हात पुढे करतो, एक मुलगी खालून धावल्यासारखे करते, तिसरा छायाचित्र घेतो. आणि पुढील गाडीने मंडळी आल्या वाटेने परत जातात. 1995 साली निघालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ह्या हिंदी बोलपटाचा अखेरचा प्रसंग ह्याच स्टेशनावर चित्रित झाला, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. गावातच जन्म काढलेल्या आम्हांस मात्र ते आमच्या नातीने सांगितले तेव्हा कळले. पाहण्यासारखे म्हणावे तर तेथे फलाट आणि रूळ ह्यांपलीकडे काही नाही. तथापि माणसे येतात. कारण तो प्रसंग आणि त्यातील गाणी त्यांच्या मनात घर करून बसली आहेत.

गाण्याच्या ओढीने माणसे गावास येतात, ती ही अशी. ह्याच्या उलट, गाण्यांचा इतिहासच पेट्यांत भरून माणसांच्या गावी न्यावयाचा, असा उपक्रम अलीकडे देशोदेशी चालतो. त्याविषयी ह्या महिन्यात चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2013 साली डेव्हिड बोवी नामक इंग्रज गायकाचे पोशाख, हस्तलिखिते, वाद्ये इत्यादींचे प्रदर्शन मांडले. लंडन धरून ते जगभर बारा ठिकाणी मांडले गेले आणि 2018 साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात त्याची सांगता झाली. त्यातील एक योजना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक प्रेक्षकाच्या कानांस ऐकण्याचे साधन लावलेले असे आणि तो ज्या वस्तूपुढे जाऊन उभा राही, तिच्या संबंधाचे गाणे वा बोलणे आपोआप त्याच्या कानी पडे. सदर गायकाचे एकही गाणे आम्ही ऐकलेले नाही, आणि ह्या वयात तसा योग येईल असे दिसतही नाही. परंतु मुकी वस्तू आणि तिचा आवाज ह्यांची ताटातूट होऊ न देण्याची ही युक्ती आम्हांस मनापासून पटली. नाही तर काचेआडचा तंबोरा आणि अडगळीच्या खोलीतील तंबोरा, ह्यांत अंतर ते काय?

आपल्याकडेही फिरती संग्रहालये झाली आहेत. रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने 2010 साली 'संस्कृती एक्स्प्रेस' नावाची आगगाडीच प्रदर्शन होऊन निघाली. तिच्या पाच डब्यांपैकी एकाचे नाव 'गीतांजली' होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 साली एक मोठी बस सजवून 'म्युझियम ऑन व्हील्स' सुरू केले. ती शाळांच्या दारी जाऊन उभी राहते, आणि ज्या मुलांस मुंबईची सहल परवडणे कठीण, त्यांस जुन्या संस्कृतींची ओळख घडते. मराठी गाण्यांची अशी बस मात्र आमच्या पाहण्यात नाही.

ह्या सर्वांहून आम्हांस मोलाचा वाटला तो एक निराळाच प्रकार. आमचा पुतण्या अमेरिकेत एका लहानशा गावी काही वर्षे होता. तेथील वाचनालयात त्याने एक प्रदर्शन पाहिले. स्मिथसोनियन ह्या तेथील विख्यात संस्थेची 'म्युझियम ऑन मेन स्ट्रीट' नावाची एक योजना 1994 पासून चालत आली आहे. ती मुद्दाम खेड्यांसाठी आणि लहान गावांसाठी काढलेली आहे. तिच्यातर्फे 2007 पासून 'न्यू हार्मनीज' नावाचे प्रदर्शन गावोगाव फिरले. विषय होता अमेरिकेतील साध्या लोकांचे गाणे: गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचे ब्लूज, प्रार्थनामंदिरांतील गॉस्पेल, डोंगराळ मुलुखातील शेतकऱ्यांची गाणी, असे सर्व. पेट्या येत, गावकरी त्या उघडून मांडामांड करीत, काही आठवड्यांनी पेट्या पुढील गावी जात.

एवढ्यावर थांबते तर त्यात विशेष काही नव्हते. परंतु यजमान गावाने आपल्या गावच्या गाण्यांचे दालन स्वतः जोडावे, असा त्या योजनेचा रिवाज आहे. पुतण्याने लिहिले होते, "काका, पेट्यांतून आलेल्या वस्तूंपुढे कोणी फारसे रेंगाळत नव्हते. गर्दी होती ती गावातल्या एका न्हाव्याच्या बँजोपुढे. खाली त्याचे नाव लिहिलेले होते, आणि त्याची नात सर्वांना ते बोट ठेवून दाखवीत होती."

त्या बोटाचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतो. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी आपल्या गाण्यांच्या फिरतीविषयी.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली आणि 'सौभद्र' 1882 साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून नाटकमंडळ्या हीच आपली फिरती संगीतशाळा झाली. मंडळीचा मुक्काम हलला तरी पदे गावात मागे राहत. ओसरीवर, विहिरीवर, माजघरात ती गुणगुणली जात, आणि ज्या स्त्रियांस नाटकास जाण्याची परवानगी नसे त्यांसही ती ऐकूनच पाठ होत. त्यानंतर आली फोनोची तबकडी. 1902 साली गैसबर्ग नामक गृहस्थ विलायतेहून कलकत्त्यास उतरले व त्यांनी नोव्हेंबरात गौहरजान ह्या गायिकेचा आवाज मुद्रित केला. 1908 साली कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत इकडचे मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तेथून तबकड्या होऊन येत. तेथील कामगारांस आपल्या गायकांची काय ओळख? म्हणून गाणे संपताच कलावंत आपले नाव स्वमुखाने उच्चारी. गौहरजानने इंग्रजीत उच्चारलेले स्वतःचे नाव आजही त्या तबकड्यांतून ऐकू येते. त्या काळी मानमरातब बेताचाच असलेल्या एका बाईने आपले नाव असे सव्वाशे वर्षे टिकविले.

तबकडी म्हणजे मूळ गाणे नव्हे, हेही येथेच सांगून टाकू. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. ज्या बालगंधर्वांच्या पदास वन्समोअरवर वन्समोअर मिळून नाटक पहाटेपर्यंत चाले, त्यांसही ह्या तीन मिनिटांच्या चौकटीत बसावे लागले. प्रदर्शन मांडणाऱ्याने ही गोष्ट पाटीवर लिहिली नाही, तर तबकडी ऐकून 'हेच का ते बालगंधर्व?' असे आजची मुले विचारतील, आणि त्यांस दोष देता येणार नाही.

आता आमची गोष्ट. आमच्या घरी आमच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, आम्हां सर्वांच्या आत्याबाई, राहत असत. त्यांचे यजमान अकाली गेले. सासरहून परतताना त्यांनी जे थोडे सामान आणले, त्यात बावीस तबकड्यांची एक लाकडी पेटी होती. वाजविण्याचे यंत्र केव्हाच बिघडले होते. पेटी त्यांच्या खाटेखाली असे. आम्ही मॅट्रिक होऊन पुढे पाठशाळेत काव्य व व्याकरण शिकलेले. नाटकातील पदे म्हणजे हलका माल, अशी आमची त्या वयात ठाम समजूत होती. 1986 साली, आपट्यापुढे रोह्यापर्यंत रेल्वे गेली त्या वर्षी, शाळेत आमच्याकडे कार्यानुभवाचा तास आला. जुनी तबकडी उकळत्या पाण्यात धरली की कणकेसारखी मऊ होते आणि वाडग्यावर दाबून तिचे झालरीचे फुलपात्र होते, ही हस्तकला तेव्हा घरोघर चालत असे. आम्ही आत्याबाईंकडे तबकड्या मागितल्या.

त्या म्हणाल्या, "मुलांच्या उपयोगी पडतील तर ने हो. नेण्याआधी एकदा प्रत्येकीवरचे नाव वाचून दाखव म्हणजे झाले." त्यांची दृष्टी तेव्हा गेली होती. आम्ही वाचून दाखविली. पण घाईघाईने, शाळेची वेळ होत आली होती म्हणून. सात-आठ नावे झाल्यावर आम्ही म्हणालो, बाकीचीही अशीच आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. मुलांनी फुलपात्रे सुरेख केली. वार्षिक संमेलनात पाहुण्यांनी त्यांची वाखाणणीही केली.

पाच वर्षांनी आत्याबाई वारल्या. त्या बावीसांपैकी एकच फुलपात्र शाळेच्या कपाटात उरले होते. निवृत्तीच्या दिवशी ते आम्ही घरी आणले. त्याच्या तळाशी चिठ्ठीचा तांबडा कागद अजून चिकटलेला आहे, आणि त्यावर 'स्वयंवर' एवढे वाचता येते. खाडिलकरांचे हे नाटक 1916 साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हा सर्व तपशील आम्ही नंतर पुस्तकांतून जमविला. बाकीच्या तबकड्यांवर काय होते, हे आता सांगणारे कोणी नाही.

वाचक म्हणतील, एवढे काय त्यात! त्याच पदांच्या तबकड्या संग्राहकांपाशी मिळतील. ते खरे आहे. मुंबईत 1990 साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांची श्रवणसत्रे भरविली आणि 'रेकॉर्ड न्यूज' ह्या नियतकालिकातून त्यांची बारकाईची टिपणे प्रसिद्ध केली. गाणे तेवढे अशा मंडळींमुळे वाचेल. परंतु आपट्याच्या एका घरी अमुक बाईने अमुक बावीस तबकड्या पन्नास वर्षे जपल्या, ही गोष्ट कोणत्याही संग्राहकाच्या यादीत सापडावयाची नाही. लोकप्रिय गाण्याचा इतिहास म्हणजे गाणाऱ्यांचा जितका, तितकाच तो ऐकणाऱ्यांचा आणि जपणाऱ्यांचाही आहे. न्हाव्याच्या नातीचे बोट नेमके तेथे होते.

आणि ज्या गाण्याची तबकडी कधी झालीच नाही, त्याचे काय? चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही तो विद्यार्थ्यांस मोठ्या अभिमानाने सांगत असू. मात्र त्या काळात आमच्याच घरच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घ्याव्या, हे आमच्या मनात आले नाही. ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्या दोघांनी केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावे फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव ह्यांची नोंद ठेविली. 2017 पासून 'पारी' ह्या संस्थेने त्या सर्वांस पाहण्या-ऐकण्यास खुल्या करण्याचे कार्य हाती घेतले. राजदरबारच्या ग्रंथात 'स्त्रिया' एवढ्याच शब्दात आटोपलेल्या त्या बायांस नावे मिळावयास आठशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आमच्या पनवेल-उरणच्या भागात तर गोष्ट आणखी जवळची आहे. आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण ही मानकरीण. विधीविधीस तिचे धवले ठरलेले. तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे आम्ही शिकविले. शेजारच्या आळीतील धवलारणीस, खरे सांगावयाचे तर, कधी आमच्या ओसरीवर बसविले नाही. गाण्यांची बस आपट्यास आलीच, तर आमच्या गावच्या दालनात पहिली जागा तिची असावी, असे आमचे आता मत झाले आहे. आमच्या काही समवयस्कांस हे रुचणार नाही. नाइलाज आहे.

बस येईपर्यंत करावयाच्या दोन-चार गोष्टी आमच्या वाचकभगिनींस सुचवितो. घरात जुन्या तबकड्या असतील तर त्या एकावर एक आडव्या रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्या. त्या लाखेच्या असतात. म्हणून उन्हापासून आणि उष्णतेपासून जपाव्या, आणि स्वच्छ करताना स्पिरिट मुळीच लावू नये, त्यात लाख विरघळते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे. प्रत्येकीच्या पाकिटात एक चिठ्ठी घालावी: ती कोणी आणली, कोणत्या सुमारास, घरातील कोणास तिची आवड होती. आणि घरात ओव्या, भूपाळ्या, मंगळागौरीची गाणी येणारे कोणी वडील माणूस असेल, तर आज सायंकाळीच त्यांच्यापाशी बसावे. नातवंडांच्या फोनमध्ये आवाज टिपण्याची सोय असतेच. टिपणे संपताना त्यांच्याकडून त्यांचे नाव म्हणवून घ्यावे. शाळेची वेळ होत आली असेल तर शाळेस उशीर झालेला चालेल.

आमच्याकडील फुलपात्रात सध्या गुंड्या व टाचण्या ठेवलेल्या असतात. गावच्या दालनासाठी ते देण्याचे आम्ही ठरविले आहे. पाटीचा मजकूरही लिहून ठेवला आहे. त्यात आत्याबाईंचे पूर्ण नाव आहे, आणि तबकडी उकळत्या पाण्यात धरणाऱ्याचेही.