चिप कोणाची, पाणी कोणाचे?

मोबाईलची बॅटरी जास्त वेळ टिकावी म्हणून जगभर कमी वीज खाणाऱ्या चिप बनविण्याची चढाओढ लागली आहे. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म खटके असतात. त्यांना मिळणारा विजेचा दाब निम्मा केला, की प्रत्येक उघडझापीची ऊर्जा जवळपास चौथाईवर येते. ही केवळ श्रीमंतांची चैन नव्हे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाईलनेच, दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर ऐन वेळी फोन बंद पडला, की मजुराची मजुरी अडकलीच! तेव्हा या तंत्राला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तळोज्याच्या ८३,९४७ कोटींच्या अदानी-टॉवर चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. २०२५ मध्ये त्याची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन गुजरातला गेला म्हणून सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी छाती पिटली. (पुढे फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतले, ते असो.) त्या कारखान्यात बहुजनांची किती मुले लागली असती, हे मात्र एकानेही विचारले नाही.

केंद्राच्या ७६,००० कोटींच्या योजनेत चिप कारखान्याचा निम्मा खर्च सरकार उचलते. पैसा जनतेचा आणि नोकरभरती मात्र खासगी! घटनेचे कलम १६(४) कारखान्याच्या फाटकाबाहेरच उभे राहते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली होती, ती याचसाठी.

पाण्याचेही तेच. चिपच्या चकत्या धुवायला रोज लाखो लिटर अतिशुद्ध पाणी लागते. भातसा, तानसा शहापुरात. तहान भागते मुंबईची, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात शहापूरचे पाडे. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणात मुरबाडची गावे बुडाली. वनखात्याची परवानगी नसताना सुरू केलेले काळू धरणाचे काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने रोखले, तेव्हा कुठे तिथली गावे वाचली. उद्या या पट्ट्यात चिपचा कारखाना आला, तर सरकारची नजर याच नद्यांकडे वळणार.

म्हणून अनुदानाच्या करारातच अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांच्या जागा, शहापूर-मुरबाडच्या मुलांचे प्रशिक्षण आणि गावांच्या पाण्याचा पहिला हक्क लिहून घेतला पाहिजे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घेणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी आदिवासी बांधवांसोबत बसून या अटींचा ठराव येत्या ग्रामसभेतच मांडावा.